दोन नळ्यांचा पंप

मातृभूमीच्या आकाशात शत्रूचं एकही विमान शिरू शकणार नाही, ही प्रतिज्ञा आमच्या कारखान्याच्या फाटकावर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिली होती. आमच्यापुरती ती आम्ही तंतोतंत पाळली. मी तिथे नोकरीला होतो त्या सगळ्या काळात आमच्या दरीवरून विमान गेलेलं कुणी पाहिलं नाही. वर्षातले बरेच महिने दरीत धुकं असायचं, आणि धुकं नसे तेव्हा आम्ही बैठकीत असायचो.

कारखाना मध्य चीनमध्ये, छिनलिंगच्या डोंगरात होता. बॉम्बफेक झाली तरी सापडू नये म्हणून तो इतका विखरून बांधला होता की नव्या कामगारालाही सापडत नसे. नळ्या एका दरीत, चाकांचे गाडे दुसऱ्या दरीत, जुळणी गुहेत आणि कॅन्टीन या सगळ्यांपासून लांब. कारखान्याला नाव नव्हतं, टपालपेटीचा क्रमांक होता. तुम्ही कुठे काम करता असं कुणी विचारलं की आम्ही टपालपेटीत, असं सांगायचो आणि कुणालाही त्याचं नवल वाटत नसे.

बनवत होतो विमानविरोधी तोफा. ट्रकमागे जोडून ओढत न्यायच्या, चार चाकांच्या. मुळात तोफ रशियन होती. पन्नासच्या दशकात आपल्या लोकांनी तिची नक्कल केली, मग दोन्ही देशांचं भांडण झालं, रशियन तज्ज्ञ निघून गेले आणि जाताना आराखडे घेऊन गेले. मी रशियन भाषेची पदवी घेऊन भाषांतरकार म्हणून रुजू झालो तो त्यानंतर. भाषांतराला काही उरलेलं नसल्यामुळे मला बाकी सगळ्या कामांना पाठवत असत. लोक मला ग्वान म्हणायचे, आणि काम फारच हलकं असेल तर कॉम्रेड ग्वान.

पुढे एका नळीच्या दोन झाल्या. त्यानंतर अधिक वेगाने मारा करणारी नवी तोफ करायचं ठरलं आणि ते काम खांग शौयी या इंजिनियरांकडे आलं. ते तेव्हा पस्तिशीचे होते. कागदावर तोफ सुटसुटीत होती, पण जो कुणी वरिष्ठ दरीत यायचा तो तिला काहीतरी देऊन जायचा. एकाने नेमबाजाला ऐसपैस बैठक दिली. दुसऱ्याने हाताने फिरवायच्या चाकाऐवजी मोटर दिली. तिसऱ्याने रडारशी जोडायची पेटी दिली. मधली काही वर्षं यंत्राविषयी कुणीच बोललं नाही, तेव्हा तोफेच्या विचारसरणीवर चर्चा चालली होती. प्रत्येक भेटीनंतर तोफ जड व्हायची, जड झाली की मागच्या आसाची स्प्रिंग मोडायची, स्प्रिंग जाड केली की तोफ आणखी जड व्हायची. तिकडे अमेरिकन विमानं अधिकाधिक वेगवान होत होती. त्यांच्याकडे बहुधा बैठका कमी असाव्यात.

खांग इंजिनियर शांघायचे. बायको युनश्यिउ तिथल्या कापडगिरणीत होती, मुलगी तिच्यापाशी. वर्षातून एकदा यांना घरी जायची रजा मिळायची. मुलगी लहान असताना दार उघडून आत ओरडायची, "आई, पाहुणे आलेत." बदलीचा अर्ज त्यांनी तोफेच्या कामासोबतच केला होता. संचालक बियान साहेबांचं उत्तर, आपुलकीचं 'लाओ' लावून, ठरलेलं होतं, "लाओ खांग, तोफ मंजूर झाली की दुसऱ्या दिवशी शिक्का." हे वाक्य बियान साहेबांनी आधीच्या संचालकांकडून कार्यभारासोबत घेतलं होतं.

अठरा वर्षांत खांग इंजिनियरांची बसायची सवय मोडली होती. जेवतानासुद्धा वाडगा हातात घेऊन ते कॅन्टीनच्या बाहेर येरझाऱ्या घालायचे. तोफेजवळ असले की तिच्याभोवती फिरायचे, नेहमी उजवीकडून, आणि मागच्या आसापाशी आले की पान्याने स्प्रिंगवर एक टोला द्यायचे. टण् आवाज आला की पुढे. तोफ नसेल तिथे ते जेवणाच्या टेबलाभोवतीही तसेच फिरायचे, फक्त टोला देत नसत.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यापर्यंत नवी तोफ माऱ्याच्या सगळ्या चाचण्यांत उतरली होती. उरली होती ओढण्याची चाचणी. ठरावीक अंतर डांबरी रस्त्याने, ठरावीक खडीच्या आणि शेवटचा हिस्सा खडबडीत रस्त्याने तोफ ओढायची, काही मोडता कामा नये. आधी दोनदा खडबडीत रस्त्यावर स्प्रिंगला तडा गेला होता. तिसरी चाचणी बियान साहेबांनी जूनच्या उत्तरार्धात ठेवली, कारण एक जुलै हा पक्षाचा वाढदिवस, त्या दिवशी मंजुरी समिती बसणार होती आणि आपल्या कारखान्याची भेट तिच्यापुढे जायला हवी होती. ती तारीख चुकली की पुढची बैठक ऑक्टोबरात, राष्ट्रदिनाला. जूनमध्ये वाटेतल्या पठारावर गव्हाची मळणी असते हे बियान साहेबांना माहीत नव्हतं असं नाही, ते शेतकऱ्याचेच चिरंजीव होते. पण वाढदिवस गव्हाला विचारून ठरवत नाहीत.

आम्ही चौघं निघालो. ट्रकवर थोंग उस्ताद, जन्मजात ड्रायव्हर आणि जन्मजात कुरकुऱ्या. मागे जीपमध्ये खांग इंजिनियर, मी आणि कारखान्यावर नेमलेले सैन्याचे प्रतिनिधी लुआन साहेब. चाचणी झाली असं लुआन साहेबांनी म्हटलं तरच ती झाली. पोटात अल्सर असलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा आणि कुठे उशिरा पोचायला न आवडणारा माणूस. तोफ ताडपत्रीत गुंडाळलेली होती. गुप्ततेच्या सूचनेत स्पष्ट म्हटलं होतं की कुणी विचारल्यास हे शेतीचं अवजार आहे असं सांगावं.

डांबरी हिस्सा झाला, खडीचा झाला. खडबडीत रस्त्यासाठी आम्हाला पठार ओलांडून पलीकडच्या नदीच्या पात्रातली वाट गाठायची होती. पठारावर आलो आणि रस्ता दिसेना. डांबरावर या कडेपासून त्या कडेपर्यंत गुडघाभर गहू पसरलेला होता, काडीसकट. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांनी मळणी करून द्यावी अशी तिथली जुनी अपेक्षा. त्या वर्षी जमिनी घरोघर वाटून दिल्या होत्या, तेव्हा लोकांनी रस्ताही वाटून घेतला होता. विटा लावून हद्दी केल्या होत्या.

पहिल्याच हद्दीवर एक बाई गहू उलटायचा लाकडी काटा आडवा धरून रस्त्याच्या मधोमध उभी होती. डोक्याला पांढरा टॉवेल, वय पन्नाशीचं. पुढे कळलं की गावच्या प्रमुख याच, जिआओ काकू.

"काय आहे हो ते मागे?" त्यांनी विचारलं.

लुआन साहेब जीपमधून उतरले. "शेतीचं अवजार."

"कसलं?"

लुआन साहेबांना सूचनेत एवढंच दिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पंप."

काकूंनी ताडपत्रीखालच्या दोन लांब उंचवट्यांकडे पाहिलं. "दोन नळ्यांचा?"

"एक पाणी ओढते, दुसरी रजेवर असते," थोंग उस्ताद खिडकीतून म्हणाले. "सरकारी पंप आहे, ताई."

"वजन किती?"

"ते सांगता येणार नाही," लुआन साहेब म्हणाले.

"पंपाचं?"

"मोठा पंप आहे."

"ते दिसतंय. चाकं चांगली रुंद आहेत." काकूंनी काटा खांद्यावर टाकला. "शेतीचं आहे ना? मग शेतीला लागू दे. माझ्या गव्हावरून चार फेऱ्या मारा."

"काकू, आम्ही घाईत आहोत."

"इथे आरामात कोण आहे? पश्चिमेला ढग बघा. आणि शेतीचं अवजार घेऊन शेतकऱ्याला नाही म्हणणारी माणसं कुठली, हे विचारायला मला तालुक्याला फोन करावा लागेल."

तालुक्याला फोन गेला असता तर ताडपत्री उघडावी लागली असती. लुआन साहेबांनी थोंग उस्तादांना हाताने खूण केली.

रस्त्याच्या कडेला काकूंचे सासरे बुटक्या स्टुलावर चिलीम ओढत बसले होते. तोफ त्यांच्या पुढून गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला त्यांनी चिलीम काढली आणि मला म्हणाले, "बरा आहे पंप."

"हो, आजोबा."

"कोरियात आमच्याकडे एकाच नळीचा होता."

त्यांनी चिलीम पुन्हा तोंडात धरली.

काकूंच्या चार फेऱ्या संपल्या तशी शेजारच्या हद्दीवाल्याने हात केला. त्याच्या पलीकडचा तर आधीच आडवा झोपला होता. काकूंच्या गव्हावरून गेलात, आमचा काय वेगळा आहे का, आम्ही कर भरत नाही का. संध्याकाळपर्यंत थोंग उस्ताद त्या सरळ रस्त्यावर वर-खाली करत राहिले. "चाळीस वर्षं गाडी चालवतोय," ते म्हणाले, "पण कुठेच न पोचण्यासाठी एवढं पेट्रोल आजच जाळतोय." दर दोन फेऱ्यांनी खांग इंजिनियर गाड्याखाली शिरायचे, आसाला गुंडाळलेली काडी विळ्याने कापून काढायचे, बाहेर येऊन उजवीकडून एक चक्कर मारायचे आणि टोला द्यायचे. टण्. पोरांना तो आवाज आवडला. तीही मागे मागे फिरू लागली.

गावाने आम्हाला सोडलं नाही. शाळेच्या खोलीत झोपायला दिलं, जेवायला पट्ट्यासारख्या रुंद शेवया, वर लाल तिखटाचं तेल आणि सोललेला लसूण. शांघायच्या माणसाला ते तिखट अठरा वर्षांत मानवलं नव्हतं. खांग इंजिनियर वाडगा घेऊन शाळेच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते, डोळ्यांतून पाणी काढत.

दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या गावाला बातमी लागली होती. तिथला एक माणूस सायकलवरून आला आणि पंप आमच्याकडे कधी येणार असं विचारून गेला. दुपारी लुआन साहेबांनी जीपमधला अंतर मोजायचा आकडा पाहिला, मग ट्रकमधला पाहिला, मग बराच वेळ पेंढ्याकडे पाहत उभे राहिले.

"लाओ खांग," ते म्हणाले, "इकडे ये. जरा उभा राहा. एका जागी."

खांग इंजिनियर उभे राहिले.

"हा डांबरी रस्ता आहे का?"

"खाली आहे."

"खाली नको सांगू. चाकाखाली काय आहे? गुडघाभर पेंढा. चाक घसरतंय, रुततंय, आसाला गुंडाळतंय. नियमात पेंढ्याचा उल्लेख नाही. डांबरी नाही, खडी नाही. मग उरलं काय?"

"खडबडीत," मी म्हणालो. मला घरी जायचं होतं.

"ग्वान शिकलेला माणूस आहे. उद्या दुपारपर्यंत इथेच फिरलो तर अंतर पुरं होतं. आपण तीन दिवस आधी कारखान्यात. एक तारखेला समिती, दोन तारखेला तुझा शिक्का."

खांग इंजिनियर पुन्हा चालायला लागले. तोफेला एक चक्कर झाली, दुसरी झाली. टोला दिला नाही. तिसऱ्या चकरेला आमच्यापाशी थांबले.

"साहेब, ही गादीवरून चालतेय."

"मग चालू दे. गादी तुझ्या बापाची आहे का?"

"स्प्रिंगला इथे काहीच होणार नाही."

"तेच तर आपल्याला हवंय. अरे, अठरा वर्षं झाली. तुझी बायको तुला ओळखेल का?"

"ओळखते. मुलगी विचारात पडते." ते हातातला पाना फिरवत होते. "पात्रातल्या वाटेने जाऊ."

"एक तारीख चुकेल. ढग बघतोयस ना?"

"बघतोय."

"आणि स्प्रिंग मोडली तर? चार वर्षं पुन्हा."

"मोडायचीच असेल तर मी इथे असताना मोडू दे. शांघायला गेल्यावर मोडली तर येऊन बघायला मला रजा कोण देणार?"

लुआन साहेबांनी पोटावर हात दाबला. "तुला शांघायला जायचंय की नाही?"

"जायचंय," खांग इंजिनियर म्हणाले, आणि इतक्या घाईने म्हणाले की थोंग उस्तादांनी गाडीतून मान बाहेर काढली. "म्हणून तर म्हणतोय, आत्ताच निघू."

निघताना जिआओ काकूंनी वाफवलेल्या पावांची पिशवी दिली आणि ट्रकच्या दारावर रंगवलेला आमचा टपालपेटीचा क्रमांक मोठ्याने वाचून घेतला. "चांगलं अवजार आहे," त्या म्हणाल्या. "फक्त वरच्या त्या नळ्या कशाला ठेवल्यात कळत नाही. उगीच ओझं."

"आमच्यातही यावर मतभेद आहेत," थोंग उस्ताद म्हणाले.

नदीच्या पात्रात आम्ही उतरलो आणि पठारावरचे ढग आमच्या मागोमाग उतरले. वाट वाहून गेली. जीप एका दगडावर चढून बसली, ट्रक वाळूत रुतला, आम्ही खांद्याला खांदा लावून ढकलत होतो आणि तोफ मागे डुलत होती. खांग इंजिनियर कमरभर पाण्यात तिच्याभोवती फिरत होते. पाण्याखाली टोल्याचा आवाज येत नाही, म्हणून ते स्प्रिंगवर तळहात ठेवून उभे राहायचे, ताप बघावा तसे. पाणी ओसरायची वाट बघण्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत चौघांचे मिळून पाव संपले, सिगारेटी संपल्या आणि बोलणं संपलं. मग उरलेलं अंतर आम्ही दगडाधोंड्यांतून काढलं. माझा थर्मास फुटला. लुआन साहेबांचा चष्मा फुटला. जीपचं सायलेन्सर नदीला मिळालं. स्प्रिंगला काही झालं नाही.

शेवटचा किलोमीटर संपल्यावर खांग इंजिनियरांनी कोरड्या जागी तोफ उभी करवली, उजवीकडून चक्कर मारली आणि टोला दिला. टण्. मग ते एका दगडावर बसले. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. फार वेळ नाही बसले.

कारखान्यात पोचलो तेव्हा जुलै लागून दोन दिवस झाले होते. फाटकावरच्या पताका उतरवायचं काम चालू होतं. वाढदिवसाची भेट म्हणून बियान साहेबांनी ऐनवेळी कॅन्टीनचं नवं धुराडं सादर केलं होतं.

"उत्तम," तोफेचा निकाल ऐकून ते म्हणाले. "ऑक्टोबरात. नक्की. समिती बसली की दुसऱ्या दिवशी शिक्का."

ऑगस्टच्या मध्यावर कारखान्याच्या बसमधून युनश्यिउ उतरल्या. बरोबर चार ट्रंका, एक शिवणयंत्र आणि दोरीने बांधलेलं खारवलेलं बदक. गिरणीत बायकांना पन्नाशीला निवृत्ती होती, आणि आई निवृत्त झाली तर मुलीला तिच्या जागी घेत. ही सवलत बंद होणार अशी आवई उठली, म्हणून त्यांनी पन्नासावा वाढदिवस उलटताच निवृत्ती घेतली, मुलीला मागावर उभं केलं आणि गाडीत बसल्या. खांग इंजिनियर गुहेतून धावत आले. आम्ही ट्रंका उचलायला जमलो होतो, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं.

"दोन महिने थांबली असतीस तर," ते म्हणाले.

"कुठले दोन महिने?"

"ऑक्टोबरात शिक्का मिळतोय. मीच येणार होतो."

"लाओ खांग, अठरा वर्षं मी ही तोफ झाली की येतो, ही तोफ झाली की येतो ऐकतेय. मला वाटलं, जरा बघून तरी यावं, आहे का तोफ." त्यांनी भोवतालच्या धुक्याकडे पाहिलं. "इथे भात मिळतो ना?"

"शेवया मिळतात."

"तिखट?"

"फार."

"मग ते बदक जपून उचला," त्या आम्हाला म्हणाल्या.

ऑक्टोबरात समिती बसली आणि तोफ मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी खांग इंजिनियर बियान साहेबांच्या खोलीत गेले. मी तिथे अहवालाच्या प्रती घेऊन उभा होतो. बियान साहेबांनी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"अर्जाचं कारण काय होतं, लाओ खांग? पती-पत्नी वेगळे राहतात, ही अडचण. ती आता सुटली. संघटनेने सोडवली असं मी म्हणत नाही. पण सुटली. आता कुठल्या कारणावर शिक्का मारू?"

"मुलगी शांघायला आहे."

"मोठी झाली ना? नोकरी आहे ना? मग तिची काय अडचण?"

खांग इंजिनियर टेबलाला अर्धी चक्कर मारून थांबले. पलीकडे भिंत होती.

"एक जुलैला समितीपुढे गेलो असतो तर?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा अडचण होती," बियान साहेब म्हणाले. "लगेच सोडवली असती."

त्याच महिन्यात सैन्याचं उत्तर आलं. तोफ उत्कृष्ट आहे, मागणी नाही. त्या वर्षी खर्चाला कात्री लागली होती, आणि हल्लीची विमानं उंचावरून जातात असंही कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. वरून आदेश आला की लष्करी कारखान्यांनी जनतेच्या उपयोगाच्या वस्तू कराव्यात. शेजारचा कारखाना पंखे करू लागला, त्याच्या पलीकडचा सायकली. बियान साहेब काय करावं या विवंचनेत होते तोच पठारावरच्या तालुक्याचं शिष्टमंडळ आलं. पुढे जिआओ काकू, नवा टॉवेल बांधलेल्या.

"ते शेतीचं अवजार," काकू म्हणाल्या. "नळ्या काढून किती दिवसांत द्याल?"

बियान साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. काम अर्थातच खांग इंजिनियरांकडे आलं. त्यांच्याशिवाय त्या गाड्याची ओळख कुणाला नव्हती, आणि त्यांना आता कुठे जायचंही नव्हतं. त्यांनी तोफ उतरवली, तिच्या जागी वजनासाठी दगड भरायची लोखंडी पेटी बसवली, आसाला काडी गुंडाळू नये म्हणून पत्र्याचं आवरण केलं. स्प्रिंग तीच ठेवली. हिवाळाभर ते गुहेत त्या गाड्याभोवती फिरत होते. कधी कधी युनश्यिउ डबा घेऊन यायच्या आणि बसायला कुणी तयार नसल्यामुळे त्याही त्यांच्या मागून उजवीकडून चक्कर मारायच्या. पहिल्या खेपेचे चाळीस गाडे मे महिन्याच्या अखेरीस ट्रकांमागे जोडून पठारावर गेले. थोंग उस्तादांनी स्वतः नेले. वाटेत एकाचीही स्प्रिंग मोडली नाही.

अपघात वाढल्यामुळे जूनच्या एक तारखेपासून प्रांताने रस्त्यावर गहू पसरायला बंदी घातली.